अकरावीचे सहा विषय आणि बारावीनंतरची दारं

दहावीचा निकाल लागला की घराघरांत एकच चर्चा सुरू होते: कॉलेज कुठलं, कटऑफ किती, क्लास कोणता लावायचा. विषयांचा रकाना मात्र कॉलेजच्या खिडकीवर उभ्या उभ्या भरला जातो. ‘बाकीचे काय घेतायत?’ ‘बायफोकल.’ ‘मग मलाही तेच द्या.’ दोन वर्षांनी प्रवेश अडतो, तेव्हा पुष्कळदा कारण या रकान्यात सापडतं. कमी गुणांवर काही ना काही तोडगा निघतो. जो विषय घेतलाच नाही, त्याच्यावर सहजासहजी निघत नाही.

इथे मुख्यतः महाराष्ट्र राज्य मंडळाच्या अकरावी-बारावीबद्दल लिहितोय, आणि त्यातही विज्ञान शाखेबद्दल जास्त, कारण विषय चुकला म्हणून फटका बसतो तो तिथेच जास्त.

आधी एक गोंधळ दूर करू. व्यावसायिक पदवीच्या प्रवेशाला तुमची बारावी तीन वेगवेगळ्या चाळण्यांतून जाते. पहिली, ठरावीक विषय घेऊन पास आहात का. दुसरी, त्या ठरावीक विषयांची मिळून टक्केवारी किती (सगळ्या बारावीची नव्हे). तिसरी, प्रवेश परीक्षा, आणि त्यातही बरोबर गटाची. जागा मिळते ती बहुतेक ठिकाणी तिसरीच्या जोरावर, त्यामुळे घरातले सगळे तिच्याच मागे असतात. पण पहिल्या दोन चाळण्यांत जो अडकला, त्याचं पर्सेंटाइल कोणी विचारत नाही.

सहा खुर्च्या

बारावीला गुणांचे विषय सहा. इंग्रजी सक्तीचं, म्हणजे एक खुर्ची गेली. दुसरी खुर्ची भाषेची: मराठी, हिंदी, संस्कृत वगैरे. अनेक कॉलेजं याच जागी आयटी हा विषय देतात. उरल्या चार. त्यात फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स आणि बायो बसवले की झाला ‘पीसीएमबी’. सहाच्या सहा खुर्च्या भरल्या, एकही रिकामी नाही. बायो नको असेल तर त्या जागी भूगोल, मानसशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स असा, कॉलेज शिकवत असेल तो विषय येतो.

बायफोकल म्हणजे कॉम्प्युटर सायन्स, इलेक्ट्रॉनिक्स, इलेक्ट्रिकल मेंटेनन्स, मेकॅनिकल मेंटेनन्स, पीकशास्त्र, मत्स्यव्यवसाय असले विषय. हा विषय २०० गुणांचा असतो आणि तो दोन खुर्च्या अडवतो: दुसऱ्या भाषेची एक आणि ऐच्छिक विषयाची एक. आता मोजा. इंग्रजी, फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स आणि दोन खुर्च्यांवर ऐसपैस बसलेलं कॉम्प्युटर सायन्स. बायोला जागाच नाही. बायो ठेवायचं असेल तर मॅथ्सला उठवावं लागतं. बायफोकल घेतलं आणि मॅथ्स-बायो दोन्ही ठेवलं, असं होत नाही. हा साधा हिशेब प्रवेशाच्या घाईत कोणी सांगत नाही, आणि ‘नीटचं बारावीत बघू’ म्हणणारा, म्हणजे मेडिकलची प्रवेश परीक्षा मनात असलेला, मुलगा बायफोकलच्या वर्गात जाऊन बसतो.

बायफोकल वाईट, असं मुळीच म्हणायचं नाही. २०० पैकी १०० गुण प्रात्यक्षिकाचे, प्रत्येकी ५० गुणांचे दोन छोटे पेपर आणि पाठांतराची एक भाषा कमी. इंजिनिअरिंग नक्की असेल तर हा सौदा चांगला आहे. फक्त तो सौदा आहे हे माहीत असावं.

इंजिनिअरिंग: ४५ टक्के कशाचे?

महाराष्ट्रात बी.ई./बी.टेक.च्या प्रवेशासाठी फिजिक्स आणि मॅथ्स हे दोन विषय सक्तीचे. तिसरा विषय केमिस्ट्री असू शकतो, किंवा बायो, बायोटेक्नॉलॉजी, कॉम्प्युटर सायन्स, आयटी, तांत्रिक व्यावसायिक विषय अशा यादीतला एखादा. या तिन्हींत मिळून किमान ४५ टक्के लागतात. महाराष्ट्रातल्या मागासवर्गीय, आर्थिक दुर्बल आणि दिव्यांग उमेदवारांना ४०. शिवाय सीईटीत, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेत, शून्यापेक्षा जास्त गुण हवेत.

एक गुणपत्रिका समोर ठेवून पाहू. खुल्या प्रवर्गातली मुलगी. फिजिक्स ४१, मॅथ्स ४०, केमिस्ट्री ४६. बेरीज १२७. ३०० पैकी १३५ लागतात, म्हणजे आठ गुण कमी. घरात रडारड सुरू. पण तिचं बायफोकल कॉम्प्युटर सायन्स आहे आणि त्यात २०० पैकी १६८ आहेत, म्हणजे ८४ टक्के. तिसरा विषय केमिस्ट्रीऐवजी तो धरला की ४१, ४० आणि ८४ मिळून १६५ होतात, म्हणजे ५५ टक्के. मुलगी पात्र. कॅपचा, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेचा, फॉर्म भरताना तिसऱ्या विषयाच्या जागी काय भरलंय हे म्हणूनच डोळ्यांत तेल घालून पाहायचं. फॉर्म भरून देणारा सायबर कॅफेवाला सवयीने केमिस्ट्रीच टाकतो.

पण इथेच दुसरी मेख आहे. केमिस्ट्री पात्रतेतून वगळता आली तरी सीईटीतून वगळता येत नाही. पीसीएम गटाची परीक्षा २०० गुणांची: मॅथ्सचे ५० प्रश्न प्रत्येकी दोन गुणांचे, फिजिक्स आणि केमिस्ट्रीचे ५०-५० प्रश्न प्रत्येकी एक गुणाचे. म्हणजे केमिस्ट्री सोडली की पाव पेपर हातचा गेला. आणि हीच मुलगी उद्या फार्मसीकडे वळली तर तिचं कॉम्प्युटर सायन्स तिथे कामाला येत नाही. बी.फार्म.ला फिजिक्स आणि केमिस्ट्री सक्तीची, तिसरा मॅथ्स किंवा बायो. टक्केवारीची अट तिथेही ४५ आणि ४०. तिचा आकडा पुन्हा १२७ वर येतो.

एनआयटी आणि आयआयटीचं गणित वेगळं. जेईई या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेतून रँक आली तरी बारावीला ७५ टक्के (अनुसूचित जाती-जमातींना ६५), नाहीतर आपापल्या मंडळात वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये जागा, यांपैकी एक लागतं. हे ७५ टक्के पाच विषयांचे: फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, एक भाषा आणि आणखी एक विषय. म्हणजे ५०० पैकी ३७५. राज्याच्या सीईटीवाल्याला इंग्रजीत पास झालं की भागतं. इथे इंग्रजीचा एकेक गुण बेरजेत येतो. कॉलेज आणि क्लास एकत्र असलेल्या ‘इंटिग्रेटेड’ कॉलेजांत इंग्रजी आणि पाचवा विषय जानेवारीत उघडायची पद्धत आहे. चांगली रँक मिळूनही ७४.२ टक्क्यांवर अडकायचं असेल तर ती उत्तम.

फिजिक्स, केमिस्ट्री आणि बायोला लेखी ७० आणि प्रात्यक्षिक ३०. मॅथ्सला ८० आणि २०. प्रात्यक्षिकाचे ३० गुण हे पात्रतेच्या हिशेबातले सगळ्यात स्वस्त गुण आहेत. जर्नल वेळेवर तपासून घेणं आणि तोंडी परीक्षेला बरं बोलणं एवढ्यावर त्यातले बरेच मिळतात. लेखीत २० आणि प्रात्यक्षिकात २७ पडलेला मुलगा ४७ वर उभा राहतो. ज्याने दोन वर्षं प्रयोगशाळेचं तोंड पाहिलं नाही, त्याचा हाच टेकू जातो.

मॅथ्स सोडण्याआधी

‘मला मेडिकलच करायचंय’ म्हणून अकरावीतच मॅथ्स सोडणारे पुष्कळ. सोडलं तर काय काय बंद होतं ते एकदा सलग वाचा. इंजिनिअरिंगच्या सगळ्या शाखा. आर्किटेक्चर (तिथेही फिजिक्स आणि मॅथ्स दोन्ही सक्तीचे, वर नाटा ही आर्किटेक्चरची प्रवेश परीक्षा किंवा जेईईचा दुसरा पेपर). कृषी अभियांत्रिकी. एनडीएची (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची) हवाई आणि नौदल शाखा. मर्चंट नेव्ही, तिथे पीसीएममध्ये सरासरी ६० टक्के आणि दहावी किंवा बारावीच्या इंग्रजीत ५० टक्के लागतात, आणि कोकणातली बरीच मुलं नेमकी या इंग्रजीच्या अटीवर अडखळतात. भारतीय सांख्यिकी संस्थेची बी.स्टॅट. पदवी, जिला बारावीत मॅथ्स आणि इंग्रजी हवंच. दिल्ली विद्यापीठाचं अर्थशास्त्र ऑनर्स.

आता बायो सोडलं तर काय बंद होतं? एम.बी.बी.एस., दंतवैद्यक, आयुर्वेद, होमिओपॅथी, पशुवैद्यक, नर्सिंग, फिजिओथेरपी. म्हणजे एक मोठा दरवाजा, आणि त्याच्या आत सगळ्या खोल्या. फार्मसी दोन्ही बाजूंनी उघडी राहते. बी.एस्सी. कृषीचंही तसंच: राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या चारही कृषी विद्यापीठांच्या कॉलेजांत पीसीएमवाला किंवा पीसीबीवाला, कोणीही सीईटी देऊन जाऊ शकतो. पशुवैद्यकाला मात्र नीट लागते, हे गावाकडे अजूनही पुष्कळांना बारावीनंतर कळतं.

म्हणून माझं मत असं: पंधरा वर्षांच्या मुलाला खरंच काही ठरवता येत नसेल तर चारही विषय घ्यावेत आणि अकरावीच्या अखेरीस कुठल्या बाजूला जोर लावायचा ते ठरवावं. पीसीएमबीचं ओझं असतं, नाही म्हणत नाही. पण ज्या बाजूला जायचं नाही तो चौथा विषय फक्त ‘पास होण्यापुरता’ सांभाळता येतो. ३५ गुण मिळवायला जेवढं करावं लागतं ते, दोन वर्षांनी तोच विषय बाहेरून देण्यापेक्षा पुष्कळ कमी आहे. याला अपवाद एकच. दहावीला मॅथ्सने खरंच रडवलं असेल आणि घरी त्या विषयाचं नाव काढलं की ताटावरून उठण्यापर्यंत मजल जात असेल, तर सोडा. ३० गुणांवर नापास होऊन सगळी बारावी अडवून ठेवण्यात शहाणपणा नाही.

मेडिकलच्या बाजूला टक्केवारीइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे फिजिक्स, केमिस्ट्री, बायो आणि इंग्रजी या चारांत स्वतंत्रपणे पास असणं. नर्सिंगलाही पीसीबीत ४५ टक्के आणि इंग्रजीत पास हवं. नीटसाठी प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत वयाची १७ वर्षं पूर्ण लागतात. लवकर शाळेत घातलेल्या मुलांच्या पालकांनी हे दहावीतच मोजून ठेवावं.

पुण्याच्या आयसरसारख्या विज्ञान संस्थांकडे अजूनही कमी जण पाहतात. तिथे बायो, केमिस्ट्री, मॅथ्स, फिजिक्स या चारांपैकी किमान तीन विषय बारावीत लागतात, त्यामुळे पीसीएम आणि पीसीबी दोन्ही चालतात. पण प्रवेश परीक्षेत चारही विषयांचे १५-१५ प्रश्न असतात. बायो सोडलेल्याला बायोचे १५ आणि मॅथ्स सोडलेल्याला मॅथ्सचे १५, २४० पैकी ६० गुण, परक्या अंगणातले. पीसीएमबीवाला इथे सरळ पुढे असतो.

कॉमर्स आणि आर्ट्सवाल्यांसाठी थोडं

कॉमर्सला खरा पेच एकच: मॅथ्स की एसपी, म्हणजे चिटणिसाची कार्यपद्धती. एसपीत गुण पडतात म्हणून झुंबड तिकडे असते. बी.कॉम. करून बँकेच्या परीक्षा द्यायच्या असतील तर काही बिघडत नाही. सीए करायचं असेल तर मात्र लक्षात ठेवा, सीए फाउंडेशनला विषयाची अट नाही, पण तिसरा पेपर १०० गुणांचा गणित, तर्क आणि सांख्यिकीचा आहे, आणि चुकीच्या उत्तराला पाव गुण कापतात. दोन वर्षं गणिताला हात न लावलेला मुलगा तिथे पहिल्यांदा व्याज आणि संभाव्यता एकाच वेळी शिकायला बसतो.

आर्ट्सला कायदा (पाच वर्षांचा एलएल.बी., खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के), डिझाइन, हॉटेल मॅनेजमेंट, हे सगळं कुठल्याही विषयांवर उघडं. आर्ट्सची मुलं एनडीएच्या भूदलालाही पात्र असतात. पण परीक्षा सगळ्यांना एकच: ९०० पैकी ३०० गुणांचा मॅथ्सचा पेपर, अकरावी-बारावीच्या पातळीचा, चुकीला ०.८३ गुण कापणारा. कागदावर दार उघडं, आत चढण. एक गोष्ट फारशी माहीत नसते: राज्य मंडळात मॅथ्सचा विषय कला आणि विज्ञान शाखेला एकच आहे, विषय क्रमांक ४०. वाणिज्यचा वेगळा, ८८. म्हणजे आर्ट्सला जाऊनही पूर्ण मॅथ्स घेता येतं. अडचण मंडळाची नाही. आर्ट्सच्या वेळापत्रकात मॅथ्स बसवणारं कॉलेज शोधावं लागतं.

सीबीएसईच्या मुलांना आकड्यांचा वेगळा सापळा आहे. बारावीला ०४१ म्हणजे मॅथेमॅटिक्स आणि २४१ म्हणजे अप्लाइड मॅथेमॅटिक्स. दुसरा विषय वाणिज्य आणि समाजशास्त्रांकडे जाणाऱ्यांसाठी आहे. इंजिनिअरिंगचं लक्ष्य असेल तर ०४१ हवा. दहावीतही स्टँडर्डचा क्रमांक ०४१ आणि बेसिकचा २४१ आहे. बेसिक घेऊन दहावीला छान गुण मिळवलेल्या मुलाने अकरावीत ०४१ मिळेल हे गृहीत धरू नये. शाळेकडून आधी लेखी विचारून घ्यावं.

सीईटीचा फॉर्म आणि वाया गेलेली अकरावी

पीसीएमबीचे विषय घेतले म्हणून सीईटीचे दोन्ही गट आपोआप मिळत नाहीत. पीसीएम आणि पीसीबी या दोन वेगळ्या परीक्षा आहेत, वेगळ्या दिवशी, वेगळ्या शुल्काच्या. फॉर्ममध्ये दोन्ही निवडावे लागतात. फक्त पीसीबी दिलेल्याला जूनमध्ये इंजिनिअरिंगची आठवण झाली तर उपयोग नाही. दोन्ही गट फार्मसीला चालतात, त्यामुळे ज्यांची शक्ती बेताची आहे त्यांनी आपल्या बळकट विषयाचा गट आधी निवडावा.

सीईटीत अकरावीचा वाटा २० टक्के, बारावीचा ८०. म्हणजे प्रत्येक ५० प्रश्नांत १० अकरावीचे. पीसीएम गटात २०० पैकी ४० गुण. आणि ते ठरावीक धड्यांवरच येतात: मॅथ्समध्ये सरळ रेषा, वर्तुळ, संभाव्यता, क्रमचय-संचय, सीमा वगैरे, फिजिक्समध्ये गतीचे नियम, गुरुत्वाकर्षण, प्रकाश, स्थितिक विद्युत वगैरे. निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. अकरावीला मंडळाची परीक्षा नसते म्हणून ते वर्ष गणपती, गॅदरिंग आणि कॉलेज बदलण्याच्या खटपटीत जातं, आणि हे ४० गुण एप्रिलमध्ये नव्याने शिकायला लागतात. जेईई आणि नीटला तर दोन्ही वर्षांचा अभ्यासक्रम.

मराठी माध्यमातून आलेल्यांनी हेही नोंदवून ठेवावं: सीईटीत फिजिक्स, केमिस्ट्री, बायोचा पेपर मराठीतून घेता येतो, मॅथ्सचा मात्र फक्त इंग्रजीत. नीट आणि जेईई मेन मराठीतून देता येतात. ज्युनिअर कॉलेजला विज्ञान सगळीकडे इंग्रजीतूनच शिकवतात, तेव्हा मराठी पेपर निवडण्याआधी संज्ञा दोन्ही भाषांत येतात ना, हे एका जुन्या प्रश्नपत्रिकेवर तपासून पाहा. ‘संवेग’ म्हणजे मोमेंटम हे परीक्षेच्या खोलीत उलगडू नये.

राहिलाच विषय तर

अकरावीच्या सुरुवातीला विषय बदलून मिळतो. कॉलेजला अर्ज करायचा आणि जागा असली तर काम होतं. जितका उशीर तितकी अडचण, कारण नवा विषय म्हणजे नवी तुकडी, नवी जर्नल्स आणि हुकलेली प्रात्यक्षिकं. बारावीत गेल्यावर विषय बदलायचं नावच काढू नका.

बारावी पास झाल्यावर राज्य मंडळात ‘तुरळक विषय’ घेऊन बसण्याची सोय आहे. पीसीबी करून पास झालेला मुलगा मॅथ्सचा एकच विषय याखाली देऊ शकतो. दुसरा रस्ता राष्ट्रीय मुक्त विद्यालयाचा, म्हणजे एनआयओएसचा. पायलटच्या प्रशिक्षणासाठी फिजिक्स-मॅथ्स हवं असलेली कॉमर्सची मुलं पूर्वीपासून याच रस्त्याने जातात. मेडिकलच्या बाजूला, बारावीनंतर जादा विषय म्हणून बायो दिलेल्यांना राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये नीटचं दार उघडलं. दोन्ही रस्त्यांत बायो, फिजिक्स अशा विषयांची प्रात्यक्षिकं कुठे करायची आणि दाखला कोण देणार, हे फॉर्म भरण्याआधी पक्कं करा. आणि दुसरी गुणपत्रिका हातात पडण्याची तारीख कॅपच्या कागदपत्र पडताळणीच्या आधीची आहे ना, तेही पाहा. पुरवणी परीक्षा जून-जुलैत होते, निकाल त्यानंतर लागतो, आणि तोवर कॅपचं वेळापत्रक पुढे सरकलेलं असतं. म्हणून मॅथ्स जोडायचं असेल तर फेब्रुवारी-मार्चचीच परीक्षा धरा, तिचा फॉर्म आदल्या वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत निघतो.